जलसंजीवनीत साखर कशासाठी?

जलसंजीवनीच्या, म्हणजे जुलाबांत पाण्यात विरघळवून पाजायच्या ओआरएसच्या, पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले घटक फारसे कोणी वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यासाठी साधे मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम, अशी एकूण २०.५ ग्रॅम पूड त्यात असते. जुलाबांवाटे पाणी आणि क्षार शरीराबाहेर जातात, म्हणून पाणी आणि क्षार परत द्यायचे, हे कोणालाही पटते. पण वजनाने जवळजवळ दोन तृतीयांश असलेले ग्लुकोज त्यात कशासाठी आहे? अशक्तपणा जावा म्हणून, किंवा खारट पाणी मुलांनी आवडीने प्यावे म्हणून, अशी उत्तरे मला वर्गात नेहमी मिळतात आणि चांगल्या शिकलेल्या पालकांकडूनही मिळतात. ही दोन्ही उत्तरे बरोबर नाहीत. खरे उत्तर लहान आतड्याच्या पेशीपटलात, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणात, आहे. जीवशास्त्र शिकवताना या एका उत्तरापाशी मी दरवर्षी रेंगाळते, आणि वर्गात तासाच्या मर्यादेत जे मावत नाही ते इथे सविस्तर लिहिते आहे.

पेशीपटल हा मेदरेणूंचा दुपदरी थर असतो, हे १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी मांडले. त्यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद वेगळा काढून पाण्यावर पसरवला, तेव्हा त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठफळाच्या साधारण दुप्पट भरली. या थराची जाडी पाच ते आठ नॅनोमीटर असते. मेदरेणूंची पाण्याला धरून राहणारी टोके बाहेर असतात आणि तेलकट शेपट्या आत, त्यामुळे पटलाचा मधला भाग तेलासारखा असतो. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू या तेलकट भागातून सहज पार होतात. सोडियमचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आकाराने लहान असूनही अडतो, कारण त्याच्याभोवती पाण्याचे रेणू घट्ट लगडलेले असतात आणि ते सोडून तेलात शिरणे ऊर्जेच्या दृष्टीने त्याला परवडणारे नसते. ग्लुकोज तर मोठे आणि पाण्यातच रमणारे, त्यामुळे तेही अडते. पाणी स्वतः थोडेफार झिरपते. जिथे ते वेगाने जावे लागते तिथे पटलात ॲक्वापोरिन नावाची प्रथिने असतात. त्यांचा शोध पीटर आग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लावला आणि त्यासाठी त्यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. पाण्याला थेट उपसून पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेणारा पंप आपल्या शरीरात नाही. ॲक्वापोरिन केवळ वाट मोकळी करून देते, दिशा ठरवत नाही. पाणी परासरणाने जाते, म्हणजे ज्या बाजूला विरघळलेले कण अधिक असतात त्या बाजूला ते ओढले जाते. तेव्हा शरीराला पाणी हलवायचे असेल तर आधी कण हलवावे लागतात. आतडे पाणी शोषते असे आपण म्हणतो, पण आतड्याचे खरे काम क्षार आणि अन्नकण शोषण्याचे आहे आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते.

हे काम किती मोठे आहे हे आकड्यांवरून कळते. निरोगी माणसाच्या लहान आतड्यात रोज साधारण आठ ते नऊ लिटर द्रव येतो. त्यातले दोन लिटर आपण खाल्ले-प्यालेले असते आणि उरलेले लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव यांचे असते. यातले बहुतेक सगळे परत रक्तात जाते आणि शौचावाटे जेमतेम शंभर ते दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर पडते. म्हणजे आतड्याच्या भिंतीतून दोन्ही दिशांना सतत वाहतूक चालू असते आणि जुलाब हा त्या दोन प्रवाहांचा तोल बिघडल्याचा परिणाम असतो. तोंडाने प्यालेले पाणी 'पचत नाही' असे म्हणून जुलाबाच्या रोग्याचे पाणी तोडणाऱ्या घरांना हा एवढा हिशेब माहीत असता तर पुष्कळ मुले वाचली असती, असे मला मनापासून वाटते.

आता एका पेशीकडे पाहू. पाठ्यपुस्तकांत साधे विसरण (कण आपोआप जास्तीकडून कमीकडे जाणे), साहाय्यित विसरण (तेच, पण वाहक प्रथिनाच्या मदतीने) आणि सक्रिय वहन (ऊर्जा खर्चून कमीकडून जास्तीकडे नेणे) असे तीन स्वतंत्र चौकोन काढलेले असतात आणि विद्यार्थी त्यांतला फरक तक्त्यात पाठ करतात. ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. लहान आतड्याच्या अस्तरातील एकाच पेशीत हे प्रकार एकमेकांच्या आधाराने काम करतात, आणि ती पेशी समजली की तक्ता पाठ करावाच लागत नाही. या पेशीला दोन तोंडे असतात. एक आतड्याच्या पोकळीकडे, जिथे अन्नरस असतो आणि जिथे पटल हजारो सूक्ष्म बोटांसारख्या घड्यांनी पसरलेले असते, दुसरे रक्तवाहिन्यांकडे. शेजारच्या पेशी एकमेकींना वरच्या कडेपाशी जोडलेल्या असतात, त्यामुळे एका तोंडाच्या पटलातील प्रथिने दुसऱ्या तोंडाकडे सरकत नाहीत. साऱ्या वाहतुकीला दिशा मिळते ती यामुळे.

रक्ताकडच्या तोंडाला सोडियम-पोटॅशियम पंप असतो. येन्स स्कोव या डॅनिश शास्त्रज्ञांनी १९५७ साली खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना या पंपाचे विकर (एन्झाइम) ओळखले आणि त्यासाठी चाळीस वर्षांनी, १९९७ साली, त्यांना नोबेल मिळाले. हा पंप एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचा एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन पेशीबाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा या एका कामावर खर्च होतो. त्याचा परिणाम असा की पेशीच्या आत सोडियम कायम कमी राहते, लिटरमागे साधारण १० ते १५ मिलीमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक), तर बाहेर ते १४० मिलीमोलच्या आसपास असते. शिवाय पेशीचे अंतरंग बाहेरच्या मानाने ऋणभारित राहते. धनभारित सोडियमला आत येण्यासाठी या दोन्ही कारणांची ओढ असते. गच्चीवरच्या टाकीत मोटरने पाणी चढवून ठेवले की खाली नळ उघडताच ते जोराने येते आणि नळाला स्वतःची वीज लागत नाही, तसे हे आहे: ऊर्जा रक्ताकडच्या तोंडाशी खर्च होते आणि तिचा उपयोग पोकळीकडच्या तोंडाशी होतो.

पोकळीकडच्या तोंडाला एसजीएलटी-१ नावाचे प्रथिन असते. त्याच्यात दोन सोडियम आयन आणि एक ग्लुकोजचा रेणू बसतो. सोडियम आधी बसते, त्यामुळे प्रथिनाचा आकार बदलतो आणि ग्लुकोजला बसण्याची जागा तयार होते; ग्लुकोज बसले की प्रथिन पोकळीकडे बंद होऊन पेशीच्या आत उघडते आणि दोघांनाही आत सोडते. सोडियमच्या ओढीवर ग्लुकोज आत येते, अगदी पेशीत ग्लुकोज आधीच अधिक असले तरीही. उलट बाजूने पाहिले तर ग्लुकोज सोबत असल्याशिवाय सोडियमला ही वाट मिळत नाही. पुढे ग्लुकोज रक्ताकडच्या तोंडातील ग्लूट-२ या वाहकातून साहाय्यित विसरणाने रक्ताकडे जाते आणि सोडियम पुन्हा पंपाने बाहेर टाकले जाते. एका फेरीत असे तीन कण पेशीतून पलीकडे गेले की त्यांच्यामागे पाणी जाते, आणि शिवाय क्लोराइडही विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी जाते. एसजीएलटी-१ फिरताना पाण्याचे शेकडो रेणू स्वतःच आत नेते, असा दावा एर्नेस्ट राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली केला होता. त्यावर संशोधकांत अजून एकमत नाही.

या प्रथिनाचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दिसते ते त्याच्या अभावात. क्वचित एखादे मूल एसजीएलटी-१ च्या जनुकात दोष घेऊन जन्माला येते. दुधातील लॅक्टोजपासून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज तयार होतात आणि दोघांनाही हाच वाहक लागतो, म्हणून अशा बाळाला आईच्या दुधानेही पाण्यासारखे जुलाब होतात, कारण न शोषलेली साखर आतड्यात पाणी ओढून धरते. जलसंजीवनीने त्याचे जुलाब वाढतात. आहारातून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज काढून त्यांच्या जागी फ्रुक्टोज दिले की जुलाब थांबतात, कारण फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे आणि तिला सोडियम लागत नाही.

पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, काय होते ते आता सांगता येईल. पटकीचे जंतू आतड्याच्या भिंतीत घुसत नाहीत. ते एक विष सोडतात, आणि जंतू गाळून काढलेल्या द्रवातही हे विष असते हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ साली दाखवले. विषाचा एक भाग पेशीपटलातील एका विशिष्ट मेदाला चिकटतो, दुसरा भाग आत शिरून पेशीत सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूचे प्रमाण वाढते ठेवतो, आणि त्यामुळे पोकळीकडच्या पटलातील सीएफटीआर ही क्लोराइडची वाट उघडीच राहते. क्लोराइड पोकळीत वाहू लागते, पेशींच्या सांध्यांतून सोडियम त्याच्यामागे जाते आणि दोघांच्या मागे पाणी. त्याच वेळी साधे मीठ शोषण्याची नेहमीची वाटही मंदावते. तीव्र पटकीचा प्रौढ रुग्ण तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो, आणि उपचार न मिळाल्यास अशा रुग्णाचा मृत्यू काही तासांत ओढवू शकतो.

पण एसजीएलटी-१ ला विषाचा धक्का लागत नाही. ते आधीसारखेच काम करत राहते. मिठाचे पाणी पाजले तर ते तसेच वाहून जाते. साखरेसह मीठ पाजले तर ते आत जाते आणि पाणी सोबत नेते. स्राव थांबत नाही, जुलाबही लगेच थांबत नाहीत, तरीही आत जाणारे पाणी बाहेर जाणाऱ्या पाण्याला भरून काढते. याच जागी घरच्यांचा धीर सुटतो. पाजूनही जुलाब होतातच, म्हणजे उपयोग नाही, असे वाटते. प्रत्यक्षात मूल डोळे उघडते, त्याला लघवी होते, तोंड ओले होते, आणि जुलाबांपेक्षा या खुणांकडे लक्ष द्यायला हवे.

हे ज्ञान उपचारात यायला लागलेला वेळ मला अस्वस्थ करतो. पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते, ही समजूत एकोणिसाव्या शतकापासून होती आणि म्हणून आतड्याला विश्रांती द्यावी, तोंडाने काही देऊ नये, असा वैद्यकाचा आग्रह होता. कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ साली मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन रुग्ण बरे केल्याचे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि हे कसे घडते याचे स्पष्टीकरणही नव्हते, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष झाले. १९६० साली थायलंडमधील रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासून यूजीन गँगारोसा यांनी अस्तर शाबूत असल्याचे दाखवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञांनी सोडियम आणि ग्लुकोज एकत्रच आत जातात ही कल्पना मांडली. क्रेन यांच्यासमोर पटकीचा प्रश्न नव्हता. साखर पटलातून कशी जाते एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

फिलिपिन्समध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट फिलिप्स यांना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लुकोजसह दिलेले क्षार पटकीच्या रुग्णांत शोषले जातात असे दिसले, पण पुढच्या चाचणीत काही रुग्ण दगावले आणि ते या मार्गावरून मागे फिरले. वाट बरोबर होती, पण द्रावण किती तीव्र असावे आणि किती द्यावे हे ठरलेले नव्हते. १९६८ साली तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी तो हिशेब बसवला: जेवढे पाणी जुलाबांतून जाते ते मोजायचे आणि तेवढेच तोंडाने भरून द्यायचे. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज त्यामुळे फार मोठ्या प्रमाणात कमी झाली.

आणि मग १९७१ साल आले. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, त्या लावणारी शिकलेली माणसेही पुरेशी नव्हती. त्यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण कोलकात्यात पिशव्यांत भरून मागवले, ते मोठ्या पिंपांत पाण्यात कालवले, आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेले भरून पाजायला सांगितले. त्यांच्या अहवालाप्रमाणे सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट आई आपल्या हाताने करू शकते, हे महालनबीस यांनी दाखवले, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत अवघड टप्पा हाच होता. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८०च्या दशकात हेच आणखी साध्या रूपात घरोघरी नेले: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. संस्थेच्या महिला कार्यकर्त्यांनी एक कोटीहून अधिक घरांत जाऊन हे शिकवले, आणि त्यांचे मानधन आयांनी शिकवलेले किती लक्षात ठेवले यावर ठरत असे.

सूत्रातील मापे नंतर बदलली आणि तो बदलही पटलाच्याच गणिताने झाला. १९७५च्या सूत्रात लिटरमागे ९० मिलीमोल सोडियम आणि १११ मिलीमोल ग्लुकोज होते, आणि विरघळलेल्या सर्व कणांची बेरीज ३११ मिलीऑस्मोल होती, म्हणजे रक्ताच्या २८० ते २९० पेक्षा थोडी अधिक. असे द्रावण आतड्यात पोहोचताच, कण शोषले जाईपर्यंत, थोडे पाणी उलट पोकळीकडेच ओढले जाण्याचा संभव होता. २००२ साली सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलीमोलवर आणले आणि एकूण बेरीज २४५ केली. आता द्रावण रक्तापेक्षा अवपरासारी, म्हणजे कमी कणांचे, आहे, त्यामुळे पहिल्या क्षणापासून पाण्याचा कल आतच असतो. चाचण्यांत या बदलामुळे मुलांना ऐनवेळी सलाईन लावावे लागण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले.

बाजारातील गोड पेये इथेच घात करतात. बहुतेक शीतपेयांत आणि फळांच्या रसांत साखर भरपूर आणि सोडियम नगण्य असते, आणि त्यांतील कणांची बेरीज रक्ताच्या दुपटीच्या पुढेही जाते. त्यामुळे साखर पोकळीत उरते, पाणी धरून ठेवते आणि जुलाब वाढतात. अशी पेये ओआरएस हे नाव मिरवत औषधाच्या दुकानांत विकली जात होती. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्या वेष्टनावर हे नाव वापरण्यास मनाई केली. एका मुलाच्या आतड्यातील सोडियम आणि ग्लुकोजच्या प्रमाणाशी हा निर्णय थेट जोडलेला आहे, आणि तो पुष्कळ आधी व्हायला हवा होता.

घरचे मिश्रण मात्र या कसोटीला चांगले उतरते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. सहा चमचे साखर साधारण २५ ग्रॅम भरते. आतड्याच्या पटलावरचे विकर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभाजन करते, आणि हिशेब केला तर त्यातून सुमारे ७३ मिलीमोल ग्लुकोज मिळते, म्हणजे पाकिटातल्या ७५ च्या अगदी जवळ. पोटॅशियम आणि सायट्रेट मात्र त्यात नसते, म्हणून पाकीट मिळत असेल तर पाकीटच वापरावे. मीठ घातलेली तांदळाची पेज, जी कोकणात आणि गोव्यात आजारी माणसाला पूर्वीपासून देतात, तीही याच तत्त्वावर उपयोगी पडते: पिष्टमय पदार्थाचे रेणू लांबलचक असल्यामुळे कणांची संख्या कमी राहते आणि त्यांतून ग्लुकोज हळूहळू सुटत राहते.

पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येते तेव्हा आशा ताई पाकिटे देऊन जातात, आणि अनेक घरांत अर्धे पाकीट पेल्यात घालून उरलेले दुमडून ठेवले जाते. तसे करू नये. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले असेल, एक लिटर किंवा २०० मिलिलिटर, तेवढ्यात पूर्ण पाकीट एकदम विरघळवावे आणि लिटरचे द्रावण चोवीस तासांत संपवावे किंवा फेकून द्यावे. चवीसाठी वरून साखर घालू नये. मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे, अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवावे, आणि सोबत दहा ते चौदा दिवस झिंक द्यावे: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्याहून मोठ्याला २० मिलिग्रॅम. मूल गुंगीत असेल, पिऊ शकत नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा शौचात रक्त पडत असेल तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा, कारण यातल्या काही अवस्थांत पाणी शिरेतून द्यावे लागते. आणि मूल पिण्याइतके सावध झाले की डॉक्टर पुन्हा जलसंजीवनीच सुरू करतात.